नमस्कार करणारं पिस्तूल

कर्नल कधीही सैन्यात नव्हते. त्यांना कर्नल केलं ते त्यांच्या मिशीनं. ही मिशी अशी भरघोस होती की थंडीत ते तिची दोन्ही टोकं कानांवरून मागे घेत आणि मफलरची गरज भागवत, असं त्यांच्या बँकेतली माणसं शपथेवर सांगत. त्या बँकेच्या तळघरात, लॉकरच्या लोखंडी दारापाशी, कमरेला पिस्तूल लावून कर्नल एकोणतीस वर्षं उभे होते. तेवढ्या वर्षांत ते पिस्तूल कामावर एकदाही बाहेर निघालं नव्हतं. चोर यायचेच नाहीत. एक आला होता म्हणे, पण जिन्याच्या वळणावर त्याला आधी मिशीचं टोक दिसलं. तो तसाच मागे फिरला, आणि जाताना पायपुसण्याला पाय पुसून गेला.

तरी वर्षातून एकदा परीक्षा द्यावी लागे. गावाबाहेर मातीचा उंच बांध घातलेली चांदमारीची जागा होती. तिथं पंचवीस पावलांवर कागदाचं निशाण लावायचं, त्याच्या मधोमध बशीएवढं काळं वर्तुळ. वीस वेळा चाप ओढायचा, वीसपैकी चौदा गोळ्या काळ्यात हव्यात. चौदा लागल्या की पिस्तूल आणखी एक वर्ष तुमचं. कर्नलना कधी अठरा लागत, मग सोळा लागू लागल्या, गेल्या वर्षी मोजून चौदा लागल्या. आणि यंदा नऊ.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांना सगळे फूटपट्टीसाहेब म्हणत, कारण वरच्या खिशात पेनाऐवजी त्यांच्याकडे पोलादी फूटपट्टी असे. त्यांनी नऊ भोकं दोनदा मोजली आणि चष्मा पुसत म्हणाले, "कर्नल, नियमाप्रमाणे सहा आठवड्यांनी एक संधी. तीही गेली तर पिस्तूल जमा करायचं."

"आणि मी?"

"बँकेनं कळवलंय. वरच्या दारापाशी छत्र्या ठेवायची जागा केलीय. तिथं बिल्ले द्यायला माणूस हवाय."

कर्नलची मिशी दोन्ही बाजूंनी एकदम खाली आली. छत्र्या! एकोणतीस वर्षं लोखंडी दाराशी छाती काढून उभं राहिल्यावर आता ओल्या छत्र्यांना नंबर द्यायचे.

ते बाकावर बसून राहिले. मैदान रिकामं झालं. निशाणांपाशी एकटी ठिगळमावशी उरली होती. तिचं कामच ते. कागदावरच्या भोकांवर गोल ठिगळं चिकटवायची, म्हणजे तोच कागद पुढच्या माणसाला वापरता येतो. एक ठोकणी घेऊन ती घरी बसून ही ठिगळं पाडत असे, भोकापेक्षा केसभर मोठी, सगळी एकसारखी. तीस वर्षं ती हेच करत होती. स्वतः एकही गोळी कधी झाडली नव्हती, पण भोकं वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कागद बघून ती सांगे, हा माणूस आज नाश्ता न करता आलाय, याचं सकाळी बायकोशी वाजलंय, याला नवीन बूट चावताहेत. एकदा तर एका रखवालदाराचा कागद पाहून ती म्हणाली, "अभिनंदन, मुलगी होणार." आठ महिन्यांनी झाली. त्या रखवालदाराला स्वतःला ही बातमी कागदावरूनच कळली होती.

आजपर्यंत कर्नलनी तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. आज तीच डिंकाचा डबा हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कर्नल, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा."

"गोळी सुटायच्या आधी तुम्ही तिला नमस्कार का करता?"

"काय करतो?"

"नमस्कार." तिनं मनगट खाली झुकवून दाखवलं. "अकरा भोकं खाली डाव्या बाजूला गेलीत. डोळा ठीक आहे, नेमही ठीक आहे. पण आता मोठा आवाज होणार, या विचारानं तुमचा हात आधीच दचकतो आणि पिस्तुलाचं नाक खाली जातं. गोळी बिचारी जाईल तिकडे जाते."

"मी घाबरत नाही," कर्नल म्हणाले.

"तुम्ही कुठे घाबरता? हात घाबरतो. वर्षातून एकदा येता. हात काय कपाटात घडी घालून ठेवलाय, सणासुदीला काढून घालायला?"

कर्नलना राग यायला हवा होता, पण का कोण जाणे, हायसं वाटलं. सकाळपासून त्यांच्या मनात एकच येत होतं, की आपण म्हातारे झालो. म्हातारपणावर इलाज नसतो. नमस्कारावर असेल.

"मग करायचं काय?"

"दर रविवारी यायचं. आणि बरोबर असं माणूस आणायचं, जे तुम्हाला बेधडक फसवू शकेल."

"फसवणारं? असं माणूस कुठून आणू?"

"लग्न झालंय ना?" मावशी म्हणाली.

घरी कर्नलनी अर्धा दिवस कुणाला काही सांगितलं नाही. रात्री जेवताना त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "अहो, जेवताय की ताटाला पहारा देताय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. नऊ भोकं, छत्र्या, नमस्कार, सगळं. बायको शिवणकाम करत असे. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि भिंतीवर अर्धवट शिवलेले सदरे लटकत असत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्या मावशी ठिगळं कसली लावतात? कागदाची? कडा दुमडतात का?"

"अगं, माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तू कडा विचारतेस!"

"नोकरी नाही जायची. हात माझ्याकडे द्या. सुईत दोरा ओवताना मी काय करते, बघितलंय कधी?"

त्यांनी बत्तीस वर्षांत बघितलं नव्हतं. तिनं ओवून दाखवलं. श्वास हळूच सोडला, संपत आल्यावर थांबली, आणि दोरा आत गेला. घाई नाही, झटका नाही.

पिस्तूल बँकेच्या कपाटात राहायचं, ते घरी आणता येत नव्हतं. पण इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा घरात होता आणि त्याला चाप होता. दुसऱ्या दिवसापासून कर्नल सकाळी चहाच्या आधी पुढच्या खोलीत उभे राहू लागले. दोन्ही हातांत फवारा, समोर भिंतीतला खिळा. फवाऱ्याच्या तोंडावर बायकोनं कोटाचं एक मोठं बटण ठेवलेलं. बटण न पाडता चाप ओढायचा. असं चाळीस वेळा.

पहिल्या दिवशी बटण चाळीस वेळा पडलं. बटण पडलं की बायको मशीन न थांबवता तिथूनच मोजे, "एकोणचाळीस. चाळीस. आता चहा घ्या, आणि भिंत पुसा."

दहा दिवसांनी ते पंधरा वेळा पडू लागलं. महिन्याभरात दोनदा. मग तर असं झालं म्हणतात, की एकदा खिळ्यावर डास बसला होता. कर्नलनी श्वास सोडला, चाप ओढला, पाण्याचा एकच थेंब निघाला आणि डासाच्या बरोबर डाव्या पंखावर पडला. डास उजव्या पंखावर गोल गोल फिरत खिडकीबाहेर गेला. बटण जागचं हललं नाही. शेजारी हे मानत नाहीत, पण त्या घरात त्या वर्षी डास आले नाहीत हे तेही कबूल करतात.

आणि रविवारी बँकेच्या परवानगीनं पिस्तूल घेऊन दोघं चांदमारीला जात. मावशीकडे पूर्वी इथं नेमबाजी शिकवणाऱ्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सहा खोटी काडतुसं होती. दिसायला अगदी खऱ्यासारखी, पण आत दारू नाही. बायकोनं त्यांच्या बुडांना लाल नेलपॉलिश लावलं, म्हणजे नंतर वेचताना घोळ नको. कर्नल पाठ करून उभे राहत आणि बायको दोन मॅगझिन भरे. खऱ्या गोळ्यांत मध्येच एखादी खोटी, कधी लागोपाठ दोन, कधी एकही नाही. कुठली कधी येणार हे कर्नलना कळायचं नाही. हीच ती फसवणूक. खरी असली की धडाम, आणि धक्क्यात सगळं लपून जातं. खोटी असली की नुसतं टक्, आणि हातानं काय केलं ते उघडं पडतं.

पहिल्या रविवारी पहिलीच गोळी खोटी निघाली. टक् झालं आणि पिस्तूल असं वाकलं की ते नमस्कारावर न थांबता थेट पायाच पडायला निघालं होतं.

बायकोला हसू आवरेना. "अहो, आशीर्वाद देऊ का त्याला?"

"दे," कर्नल म्हणाले. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते. "मला हे एकोणतीस वर्षांत कुणी दाखवलं नाही."

"कसं दाखवणार?" मावशी लांबून म्हणाली. "तुम्ही मिशीवरून नजर खाली कधी आणलीत?"

दुसऱ्या रविवारी नमस्कार अर्धा झाला. चौथ्या रविवारी पिस्तूल नुसतं मान हलवून ओळख देऊ लागलं. पाचव्या रविवारी बायकोनं तीन खोट्या ओळीनं भरल्या. टक्, टक्, टक्. तिन्ही वेळा पिस्तूल जिथल्या तिथे. मावशीनं डिंकाची काडी डब्यात ठेवली आणि म्हणाली, "आज याला कुणी ओळखीचंच भेटलं नाही."

त्या दिवशी आवराआवर करताना खोटी काडतुसं पाचच भरली. सहावं सापडेना. चटईखाली बघितलं, बायकोनं पर्स उलटी केली, मावशीनं तर गंभीर चेहऱ्यानं कर्नलना मिशी झटकायला लावली. नाही म्हणजे नाही.

"जाऊ दे, निघेल कुठेतरी," मावशी म्हणाली.

ते निघालं, आणि निघायचं तिथंच निघालं.

परीक्षेच्या सकाळी कर्नल कोट घालून रेषेवर उभे राहिले. फूटपट्टीसाहेबांनी वीस काडतुसं मोजून दिली. कर्नलनी ती नेहमीसारखी कोटाच्या उजव्या खिशात टाकली आणि खिशातून एकेक काढत दोन मॅगझिन भरली. मागे तारेच्या कुंपणापाशी बायको बसली होती. मावशी आपल्या आडोशात.

पहिलं मॅगझिन संपलं. कर्नलनी कागदाकडे नजर टाकायचंही टाळलं. दुसरं लावलं. अकरा, बारा, तेरा. हात हलका होता. श्वास सोडायचा, संपत आला की थांबायचं. सोळा झाल्या. सतराव्याला त्यांनी चाप ओढला.

टक्.

पिस्तूल होतं तिथंच होतं, त्याचं नाक केसभरही खाली गेलं नव्हतं. फूटपट्टीसाहेब पुढे आले. नीट थांबून, नियमानुसार, कर्नलनी ते काडतूस बाहेर काढलं आणि ते चटईवर पडलं.

"काडतूस खराब निघालं," साहेब म्हणाले. त्यांनी ते पाहिलंही नाही. खिशातून नवीन काडतूस काढून त्यांनी पुढे केलं. "असं होतं कधीकधी. ही बदली घ्या. आणि कर्नल, हात मात्र काय स्थिर होता हो!"

कर्नलनी खाली पाहिलं. चटईवरच्या काडतुसाच्या बुडाला लाल नेलपॉलिश होतं.

पाचव्या रविवारी आपणच ते उचलून कोटाच्या खिशात टाकलं असणार. आता बदली घेतली तर वीसच्या वीस खऱ्या मिळतात. साहेबांना काही कळणार नाही. आपली चूक सांगितली तर एक गोळी वाया गेली, आणि काळ्यात चौदा होतील की नाही हे देव जाणे. छत्र्या. बिल्ले. ओल्या छत्र्या.

कुंपणापाशी बायको उभी राहिली होती. तिला लांबूनही लाल ठिपका दिसला होता. तिनं तो स्वतःच्या हातानं लावला होता.

कर्नलनी वाकून ते काडतूस उचललं. सहा आठवडे या टिचभर पितळेनं त्यांची खोड त्यांनाच दाखवली होती, तीही ना हसून, ना कुणाला जाऊन सांगून. त्या काडतुसाला आता खराब म्हणायचं, आणि तेही त्याच्या तोंडावर?

"साहेब, हे खराब नाही," ते म्हणाले. "हे माझंच आहे. सरावाचं खोटं काडतूस, खिशात राहून गेलं. तुमचं विसावं इथं खिशात आहे." त्यांनी ते काढून साहेबांच्या हातावर ठेवलं.

साहेबांनी चष्मा वर केला. "नियम माहीत आहे ना? चूक तुमची, म्हणजे चाप ओढलेला मोजला जाणार. बदली नाही."

"माहीत आहे."

"आता तीनच राहिल्या."

"तीन तर तीन."

तीन झाल्या. मावशी कागद घेऊन आली आणि साहेबांनी मोजायला सुरुवात केली. काळ्यात भोकं तेरा. पांढऱ्यात पाच. परत मोजली. तेरा आणि पाच.

"एकोणीस झाडल्या, अठरा भोकं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "एक कागदाबाहेर गेली. तेरा झाल्या, कर्नल. मला फार वाईट वाटतंय."

चांदमारीवर एक जुना विनोद होता. ज्याची गोळी हरवते तो म्हणतो, माझ्या दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या. आजवर किमान शंभर जणांनी तो केला असेल आणि सगळे हसले होते. कर्नलच्या ओठांवरही तो आला, पण त्यांनी तो गिळला. त्यांनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि साहेबांना म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ. यंदा मी चांगलं मारलं. मला ठाऊक आहे ते."

मावशीनं मात्र आपलं काम सुरू केलं होतं. डिंक, ठिगळ, बोटानं दाब. डिंक, ठिगळ, दाब. सातव्या भोकापाशी तिचं बोट थांबलं.

"साहेब, जरा इकडे या."

"काय झालं?"

"हे ठिगळ पुरत नाही."

"मग दुसरं लाव."

"माझं ठिगळ आणि पुरत नाही?" मावशीचा आवाज असा चढला की बांधावरचे दोन कावळे उडाले. "तीस वर्षं मी ठिगळं पाडतेय. एका गोळीच्या भोकाला एक ठिगळ, वर केसभर जास्त. कधी कमी पडलंय? बघा ना इथं."

साहेबांनी पाहिलं. गोल ठिगळाच्या उजव्या कडेला, कापून टाकलेल्या नखाएवढी एक कोर उघडी होती. तिच्यातून मागचा उजेड दिसत होता. साहेबांनी ठिगळ सोडवलं, खिशातली पोलादी पट्टी काढली आणि भोक उभं मोजलं, मग आडवं मोजलं. मग शेजारचं भोक मोजलं. पट्टी पुसली आणि पुन्हा पहिल्यावर लावली. तोवर कर्नलची मिशी श्वास धरून बसली होती.

"आडवं जास्त आहे," साहेब हळूच म्हणाले. "जवळजवळ पाव भोक जास्त. कड पण दोनदा फाटलीय." त्यांनी चष्मा काढला. "अहो, दोन गोळ्या आहेत! या नोकरीत मी हे वाक्य शंभर वेळा ऐकलं आणि शंभर वेळा हसलो."

"म्हणजे किती झाल्या?" कुंपणापलीकडून बायको ओरडली.

"चौदा!" मावशीच ओरडली.

कर्नल बाकावर बसले. मिशी दोन्ही बाजूंनी अशी ताठ वर गेली की टोपी दोन बोटं उचलली गेली, हे पाहणारे तिघंही आजतागायत सांगतात. मग ते उठून मावशीसमोर गेले. इतकी वर्षं तळघरात एकटं उभं राहिल्यानं आभार मानणं त्यांना विशेष जमत नव्हतं.

"मावशी, तुम्ही सहा आठवड्यांपूर्वी मला बोलला नसतात तर…"

"तर आज छत्र्या सुकत घातल्या असत्या. पुरे. मला ठिगळं लावू द्या."

पण कर्नलना ते पुरलं नाही. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा मैदानावर आली. परीक्षा झाली म्हणून सराव थांबवायचा नाही हे आता घरात ठरलंच होतं. बायकोच्या हातात एक पिशवी होती. तिच्यात तिनं शिवलेला निळा एप्रन होता. डिंकासाठी एक खोल खिसा, ठिगळांसाठी सहा छोटे, आणि कागदाच्या कडा दुमडू नयेत म्हणून प्रत्येक खिशाला आतून जाड कापड. मावशीनं तो घातला, सगळे खिसे चाचपले, आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"आणि आज पहिलं मॅगझिन तुमचं," कर्नल म्हणाले.

"माझं? चला, काहीतरीच!"

"तीस वर्षं दुसऱ्यांची भोकं मोजलीत. साहेबांना विचारलंय. ते म्हणाले, नियमात कुठे नाही म्हटलेलं नाही." फूटपट्टीसाहेब लांब बसून, ऐकू येत नसल्यासारखं करत वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं होतं.

कर्नलनी मावशीला उभं कसं राहायचं ते दाखवलं. श्वासाचं बायकोनं सांगितलं. मावशीनं दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं, कागदाकडे बघितलं आणि हळूच चाप ओढला.

टक्.

पिस्तूल जिथल्या तिथे होतं.

मावशीनं मागे वळून पाहिलं. कर्नलची बायको पदरात तोंड लपवून हसत होती.

"अगं ए, पहिलीच खोटी भरलीस?"

"बघायचं होतं," बायको म्हणाली. "मुळीच नमस्कार केला नाही हो तुम्ही!"

"मी कशाला करू? माझी त्याच्याशी तीस वर्षांची ओळख." मावशी पुन्हा वळली. दुसऱ्यांदा मात्र धडाम झालं, आणि बांधावरची माती उडाली, आणि कागदावर काळ्यात, मध्यापासून दोन बोटं वर, एक भोक उमटलं.

कर्नल स्वतः धावत गेले. नव्या एप्रनच्या खिशातलं एक ठिगळ त्यांनी मागून घेतलं होतं, बोटाला डिंक लावला होता. आज हे काम आपण करायचं असं त्यांच्या मनात होतं.

"थांबा," मावशी मागून म्हणाली.

"का? नीट लावतो ना. कड दुमडणार नाही."

मावशी कागदापाशी आली. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती एखाद्या भोकाकडे नुसती बघत उभी राहिली. मग तिनं तो कागद चारही कोपऱ्यांवरून सोडवला, अलगद गुंडाळला आणि एप्रनच्या खोल खिशात ठेवला.

"हे राहू दे उघडं," ती म्हणाली. "घरी नेते."

कर्नलनी डिंकाचं बोट मिशीला पुसलं. ते पुढे आठवडाभर निघालं नाही, पण त्याबद्दल त्यांनी कधीच तक्रार केली नाही.